शेगडीला जाळी लावणारे जंतुशास्त्रज्ञ

वैद्यकाच्या इतिहासात लिओनार्ड कोलब्रुक यांचे नाव येते ते बहुधा बाळंतिणींचे प्राण वाचवणारे संशोधक म्हणून. सूतिकाज्वरावर सल्फा औषधाचा गुण निर्विवादपणे दाखवून देणारा इंग्लंडमधील प्रयोग त्यांचा. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. साठी गाठल्यावर या मान्यवर जंतुशास्त्रज्ञाने सगळे लक्ष भाजलेल्या माणसांकडे वळवले आणि निवृत्तीनंतर तर एका प्रश्नाचा त्यांनी ध्यासच घेतला. घरातील शेगडीपुढे जाळी का नसते, हा तो प्रश्न. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो क्षुल्लक वाटायला हवा होता. तसा तो का वाटला नाही, हे समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य थोडे मागून पाहावे लागते.

कोलब्रुक यांचा जन्म २ मार्च १८८३ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या गिल्डफर्ड गावी झाला. १९०० मध्ये त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाच्या शिक्षणाला आरंभ केला, शिष्यवृत्ती मिळवून ते सेंट मेरीज रुग्णालयात आले आणि १९०६ मध्ये पदवीधर झाले. त्या रुग्णालयात अल्मरॉथ राइट यांचे राज्य होते. विषमज्वराची लस सैन्यात रूढ व्हावी म्हणून झगडणारे हेच ते राइट. १८९८ साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनचे ते एक सभासद होते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगचा आणि हाफकिन यांच्या लसीचा अभ्यास त्यांनी इथे येऊन केला होता. १९०७ मध्ये कोलब्रुक त्यांच्या विभागात रुजू झाले. शेजारच्या टेबलावर अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत. पेनिसिलिन अजून वीस वर्षे दूर होते. १९११ मध्ये फ्लेमिंग आणि कोलब्रुक या जोडीने उपदंशावरील सॅल्व्हरसन या नव्या औषधाविषयी एक लेख प्रसिद्ध केला. ठरावीक रासायनिक पदार्थ शरीरातील ठरावीक जंतूला मारू शकतो, ही कल्पना त्यांच्या मनात तेव्हाच रुजली असावी.

राइट मोठे वादप्रिय गृहस्थ होते. स्त्रियांना मताधिकार देऊ नये असे सांगणारे एक पुस्तक त्यांनी १९१३ मध्ये लिहिले. त्यांच्या या लाडक्या शिष्याचे पुढचे तीस वर्षांचे काम मात्र मुख्यतः स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच झाले, याची गंमत वाटते. गुरूवर त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत राहिली, राइट यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. गुरूचे सगळे मानलेच पाहिजे असे मात्र त्यांनी कधी धरले नाही.

पहिल्या महायुद्धात राइट यांनी फ्रान्समधील बुलोन येथे, एका कॅसिनोच्या इमारतीत, प्रयोगशाळा मांडली. फ्लेमिंग आणि कोलब्रुक दोघेही त्या कामात होते. तोफगोळ्यांनी फाटलेल्या जखमांत जंतुनाशके ओतली, तर ती कानाकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारतात, हे तिथे दिसून आले. जखम बरी करणे आणि जखमेत जंतू शिरू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. हा धडा कोलब्रुक यांनी बुलोनमध्ये घेतला आणि तो आयुष्यभर जपला.

युद्धानंतर ते मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या सेवेत आले आणि सूतिकाज्वराकडे वळले. तेव्हा इंग्लंडमध्ये हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास माता दगावत आणि त्या मृत्यूंतला मोठा वाटा या ज्वराचा असे. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावून १८४७ मध्येच याचे मर्म दाखवले होते. तरीही ऐंशी वर्षांनंतर चांगल्या घरच्या, धडधाकट तरुणी बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तापाने फणफणत आणि आठवड्याभरात जात. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयाने अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला, त्याला जोडून प्रयोगशाळा बांधली आणि १९३० पासून तिची सूत्रे कोलब्रुक यांच्याकडे आली. त्यांची बहीण डोरा हीदेखील जंतुशास्त्रज्ञ. बाळंतिणीच्या शरीरात शिरणारा स्ट्रेप्टोकॉकस पुष्कळदा जवळ वावरणाऱ्या माणसांच्या नाकातून आणि घशातून येतो, हे डोराबाईंनी १९३५ च्या अहवालात दाखवून दिले. डॉक्टर आणि सुईण यांनी नाकातोंडावर कापड बांधावे, हातमोजे घालावेत, हात नीट जंतुरहित करावेत, हे त्यातून ओघानेच आले.

हात कशाने जंतुरहित करायचे, यावरही कोलब्रुक यांनी मेहनत घेतली. तेव्हाची प्रभावी जंतुनाशके कातडी सोलून काढणारी असत. त्यामुळे ती वापरायचा कंटाळा केला जाई. कातडीला सोसेल आणि जंतूंना सोसणार नाही असे द्रव्य हवे होते. एक नवे द्रव्य त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने बारकाईने तपासले आणि १९३३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. ते द्रव्य म्हणजे डेटॉल. आपल्याकडे घरोघरी मोरीच्या फळीवर असलेल्या त्या बाटलीच्या पूर्वेतिहासात कोलब्रुक यांचे नाव असे येते.

१९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या औषधाचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अनेकांप्रमाणे कोलब्रुकही आरंभी साशंक होते. त्यांनी आधी स्वतः उंदरांवर पडताळा घेतला आणि मग मेव्ह केनी या डॉक्टरबाईंच्या साहाय्याने क्वीन शार्लट्समधील अत्यवस्थ बाळंतिणींना ते देऊन पाहिले. जून १९३६ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ३८ स्त्रियांना औषध दिले होते, त्यांपैकी ३ दगावल्या. त्याआधीच्या वर्षांत याच विभागात सुमारे चौथा हिस्सा रुग्ण दगावत. वर्ष सरण्यापूर्वी औषध घेतलेल्यांची संख्या ६४ झाली आणि मृत्यूंची संख्या ३ वरच थांबलेली होती. आकडे लहान आहेत, पण त्या काळच्या डॉक्टरांना ते स्वप्नवत वाटले असतील. इथून पुढे इंग्लंडमधील मातामृत्यूंचा आलेख झपाट्याने खाली आला. एवढ्यावर कोलब्रुक थांबले असते तरी त्यांचे स्थान अढळ होते.

पण दुसरे महायुद्ध आले. त्या काळात भाजलेल्यांवर टॅनिक अॅसिडचा उपचार सर्रास होई. १९२५ मध्ये अमेरिकेत निघालेली ही पद्धत. चामडे कमावण्याच्या द्रव्याने भाजलेल्या जागी जाड, काळपट कवच आणायचे आणि आतून पाझरणारा द्रव थांबवायचा. दिसायला जखम बंद झालेली, पण कवचाखाली पू साचलेला. हातांवर आणि चेहऱ्यावर तर हे कवच आवळून बोटे निकामी करी. युद्धकाळातच ही पद्धत मागे पडली. शरीरातून निघून जाणारा द्रव रक्तद्रव देऊन भरून काढायचे तंत्र एव्हाना आले होते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांतला धोका कमी झाला. त्यातून वाचलेला रुग्ण मग जंतुसंसर्गाच्या तावडीत सापडे.

१९४२ मध्ये कोलब्रुक ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत भाजलेल्यांच्या विशेष कक्षाचे काम पाहू लागले. तिथे त्यांना जुना वैरी भेटला. बाळंतिणींना मारणारा तोच स्ट्रेप्टोकॉकस जळलेल्या त्वचेवर मजेत वाढत होता आणि शल्यचिकित्सकांनी लावलेल्या त्वचेच्या कलमांचा एका रात्रीत चुराडा करीत होता. जळलेला भाग मृत असतो, त्यात रक्त खेळत नाही, म्हणून पोटातून दिलेले औषध तिथवर पोहोचत नाही. त्यांनी जखमेवर लावायच्या मलमातून पेनिसिलिन देऊन पाहिले. ते द्रव्य तेव्हा सोन्याच्या मोलाचे होते. उपयोग झाला.

त्याच ग्लासगोच्या कक्षात टॉमस गिब्सन या शल्यचिकित्सकाबरोबर काम करायला पीटर मेडावार नावाचा एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ आला होता. अपस्माराचा झटका येऊन गॅसच्या शेगडीवर पडलेली एक तरुण स्त्री तिथे दाखल होती. तिच्या अंगावर दुसऱ्या माणसाची त्वचा लावून पाहिली. पहिल्यांदा लावलेली त्वचा काही दिवस टिकली, दुसऱ्यांदा लावलेली फार लवकर गळून पडली. शरीर परक्या पेशींना ओळखते आणि लक्षात ठेवते, हे त्या निरीक्षणातून निघाले. अवयवारोपणाचे पुढचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे, आणि मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तिथे पोहोचायला कोणाला तरी शेगडीवर पडावे लागले, ही गोष्ट मात्र या कथेच्या उजळ बाजूखाली झाकून जाते.

१९४३ मध्ये कोलब्रुक बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात आले. कारखान्यांच्या या शहरात केवळ अपघातग्रस्तांसाठी उभारलेले हे रुग्णालय होते. इथे त्यांनी हवेचा पिच्छा पुरवला. भाजलेल्या माणसाचे ड्रेसिंग सोडले की वाळलेल्या स्रावाबरोबर असंख्य जंतू हवेत उडतात, धुळीत, घोंगड्यांत बसतात आणि शेजारच्या खाटेवरच्या उघड्या जखमेत उतरतात. बूर्डिलन या सहकाऱ्यासह त्यांनी ड्रेसिंगची अशी खोली तयार केली की तिच्यात गाळलेली हवा आत ढकलली जाई. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला जाई, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जावी, बाहेरची आत शिरू नये. आज शस्त्रक्रियागृहांत जे सर्रास दिसते त्याची ही एक आरंभीची पायरी. १९४५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

कारखान्यांच्या शहरातले रुग्णालय म्हटल्यावर भट्टीशी भाजलेले कामगारच तिथे येत असतील असे कोणालाही वाटेल. कोलब्रुक यांनी नोंदवह्या उघडून पाहिल्या तेव्हा निराळेच चित्र दिसले. भाजणे-पोळण्याचे बहुसंख्य अपघात घरात घडत होते आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यांचा दुसरा विवाह व्हेरा यांच्याशी झाला. प्रथम पत्नी डोरोथी युद्धकाळातच वारल्या होत्या. व्हेराबाई पुढच्या साऱ्या मोहिमेत बरोबरीच्या भागीदार राहिल्या. या दांपत्याने एक हजार रुग्णांची हकिगत तपासली. कोण, कुठे, कोणत्या वेळी, कशामुळे, अंगात काय होते, हे सगळे मांडले आणि १९४९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. लेखाचा विषय उपचार नव्हता, प्रतिबंध होता.

त्या काळचे इंग्लिश घर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या नोंदींचा अर्थ लागत नाही. हिवाळ्यात सगळे घर गारठलेले आणि ऊब एकाच खोलीत. भिंतीतली कोळशाची शेकोटी, नाहीतर गॅसची किंवा लालबुंद तारेची विजेची शेगडी. तिच्या वरच्या फळीवर आरसा, घड्याळ, कधी खेळणे किंवा खाऊ. निजण्यापूर्वी मुलगी झोपण्याचा पायघोळ झगा घालून शेगडीकडे पाठ करून उभी राहते, किंवा फळीवरचे काही घ्यायला टाचा उंचावते. धुराड्याकडे ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर झग्याची कड आत जाते. हा झगा पुष्कळदा फ्लॅनेलेटचा, म्हणजे ऊब धरावी म्हणून लव उठवलेल्या सुती कापडाचा. स्वस्त, मऊ, धुवायला सोपा. त्या लवेवरून ज्योत क्षणात पसरते. उभ्या माणसाच्या अंगावरच्या सैल कापडाला खालून आग लागली की ती वरच चढते आणि काही सेकंदांत मान-चेहऱ्यापर्यंत पोहोचते. घाबरलेले मूल धावते, तशी ती आणखी भडकते. पायजमा घालणाऱ्या मुलांपेक्षा झगा घालणाऱ्या मुली या रीतीने अधिक जळत होत्या.

इथे आपल्याकडची आठवण येणे साहजिक आहे. आमच्या लहानपणी न्हाणीघरात भाणाखाली लाकडे पेटलेली असत आणि आई आत जाताना पदर कमरेला घट्ट खोचून घेई. त्याचे कारण तिने कधी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पेजेच्या उकळत्या भांड्याजवळ जाऊ नका म्हणून ओरडा मात्र रोजचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना मध्यम वा गंभीर स्वरूपाच्या भाजण्याच्या इजा होतात, आणि आपल्या घरांत ओट्यापुढे उभी राहणारी व्यक्ती बहुधा बाईच असते. पदर आणि ओढणी यांचे शास्त्र त्या झग्याहून निराळे नाही. पेटलेल्या माणसाने जागीच आडवे होऊन लोळावे, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, हे आज डॉक्टर सांगतात. कोलब्रुक यांच्या उमेदीच्या काळात पाण्याचा एवढा साधा नियमही रूढ नव्हता.

इंग्लंडात यावर कायदा अगदीच नव्हता असे नाही. १९०८ च्या बालकविषयक कायद्यात एक कलम होते. सात वर्षांखालचे मूल उघड्या शेकोटीच्या खोलीत राहू दिले आणि ते जळून दगावले किंवा गंभीर जखमी झाले, तर सांभाळणाऱ्याला दहा पौंडांपर्यंत दंड. म्हणजे मूल गेल्यावर आईबापांना न्यायालयात उभे करायचे! चाळीस वर्षे हे कलम पुस्तकात होते आणि मुले जळतच होती. कोलब्रुक दांपत्याचा रोख याच्या नेमका उलट होता. आईला सावध राहा म्हणून सांगणे योग्यच आहे, पण चार मुले, स्वयंपाक, धुणी सांभाळणाऱ्या बाईचे लक्ष दिवसातून एकदा तरी चुकणार. तिचे लक्ष चुकल्यावरही मूल वाचेल अशी शेगडी बनवता येत असेल, तर तशी ती बनवायला भाग पाडले पाहिजे. जंतुशास्त्रज्ञाची शिस्त इथे दिसते. सुईणीने सावध राहावे एवढे सांगून ते क्वीन शार्लट्समध्ये थांबले नव्हते. तिच्या तोंडावर कापड बांधले होते, हाताला सोसेल असे द्रव्य शोधले होते.

१९४८ च्या सुमारास ते सेवेतून निवृत्त झाले, पण ही मोहीम त्यांनी सोडली नाही. वैद्यकीय नियतकालिकांत ते लिहीत राहिले, पार्लमेंटच्या सभासदांकडे पाठपुरावा करीत राहिले. बर्मिंगहॅमच्या कक्षात जुने सहकारी आणि नवे डॉक्टर त्यांच्या आकड्यांत भर घालीत होते. अखेर १९५२ मध्ये उष्णता देणाऱ्या उपकरणांच्या जाळ्यांविषयीचा कायदा झाला. गॅसची, विजेची किंवा तेलाची शेगडी योग्य जाळीशिवाय विकणे हा त्याने गुन्हा ठरला. जाळी कशी असावी, ती कोणत्या कसोट्यांना उतरावी, याचे नियम १९५३ मध्ये आले. जबाबदारीचा काही भार आईच्या डोक्यावरून उतरून बनवणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या खांद्यावर आला. जुने कलमही १९५२ मध्येच सुधारले गेले आणि वयाची मर्यादा सातवरून बारा झाली.

कायद्याला भोके होतीच. तो नव्या शेगड्यांना लागू होता. घरोघरी आधीपासून असलेल्या लाखो शेगड्या जशा होत्या तशाच राहिल्या. कोळशाची शेकोटी तर भिंतीचाच भाग, तिची विक्री होत नाही, तेव्हा तिच्यासमोर जाळी ठेवणे न ठेवणे घरच्यांवरच राहिले. गरिबाघरी जाळी ही आणखी एक खरेदी होती. त्यामुळे प्रश्नाचे दुसरे टोक, म्हणजे कापड, हाती घेणे भाग होते. शेगडी बदलत नसेल तर झगा बदला. सहज न पेटणारी कापडे बनवता येत होती. पण ती महाग पडत, खरखरीत असत आणि काही धुलाईंनंतर त्यांचा गुण उतरे. या वादात आणखी बारा वर्षे गेली. १९६४ मध्ये मुलांचे झोपण्याचे झगे सहजी पेट न घेणाऱ्या कापडाचेच असले पाहिजेत, असा नियम इंग्लंडमध्ये लागू झाला. कोलब्रुक तेव्हा ८१ वर्षांचे होते.

त्यांचा उतारवयाचा काळ बकिंगहॅमशरमधील फार्नम कॉमन या गावी गेला. गुरू राइट यांचे चरित्र त्यांनी १९५४ मध्येच पूर्ण केले होते. झग्यांविषयीचे नियम १९६७ मध्ये वाढवण्यात आले आणि मोठ्या माणसांचे झगेही त्यांच्या कक्षेत आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कोलब्रुक यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेला बर्मिंगहॅमचा जळीत कक्ष तेव्हाही चालू होता आणि दर हिवाळ्यात तिथे मुले दाखल होतच होती, मात्र शेगडीने पेटलेल्या झग्याची नोंद वहीत पूर्वीइतकी वारंवार होत नव्हती.